यकृतातील मेद आणि व्यायामाचा नेम



मानवी शरीरात जे अवयव गाजावाजा न करता अहोरात्र राबतात, त्यांत यकृताचे स्थान फार वरचे आहे. छातीच्या पिंजऱ्याआड उजव्या बाजूस असलेला सुमारे दीड किलो वजनाचा हा अवयव अन्नातून आलेल्या साखरेचा साठा करतो, रक्तास आवश्यक असलेली प्रथिने तयार करतो, पचनासाठी पित्त पुरवितो आणि शरीरात शिरलेली अनेक विषद्रव्ये निकामी करतो. हृदयाची धडधड जाणवते, गुडघा दुखला की माणूस थांबतो. यकृत मात्र सहसा तक्रार करीत नाही. त्याच्या या मुकेपणामुळेच त्याचा एक आजार आज घरोघर पोचला असूनही, तो ज्यांना जडला आहे त्यांपैकी बहुसंख्यांना त्याची वार्ता नाही. हा आजार म्हणजे यकृतात मेद साचणे. दवाखान्यात ज्यास सर्रास ‘फॅटी लिव्हर’ म्हटले जाते तो.

या आजारावर नियमित व्यायामाचा गुण येतो, हे आता निर्विवाद ठरले आहे. तथापि स्थूल व्यक्तीने तो आठवड्यातून किती दिवस करावा, किती वेळ करावा आणि वजनाचा काटा हलला नाही तर तो सोडून द्यावा काय, या प्रश्नांविषयी समाजात बरेच गैरसमज आहेत. त्यांचा उलगडा करणे हा प्रस्तुत भाषणाचा हेतू आहे.

आजाराचे स्वरूप

निरोगी यकृतातही थोडा मेद असतोच. हे प्रमाण पाच टक्क्यांच्या पुढे गेले म्हणजे यकृत मेदयुक्त झाले, असे वैद्यकशास्त्र मानते. अतिमद्यपानाने यकृत बिघडते, ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक होती. परंतु मद्याचा थेंबही न घेणाऱ्या व्यक्तींच्या यकृतात तशीच विकृती आढळते, याकडे अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील लुडविग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये लक्ष वेधले आणि तिला स्वतंत्र नाव दिले. पुढे या विकाराचा स्थूलता, मधुमेह व उच्च रक्तदाब यांच्याशी असलेला निकटचा संबंध स्पष्ट होत गेला. २०२३ मध्ये जगातील यकृततज्ज्ञांच्या संघटनांनी त्याचे नावच बदलले आणि चयापचयातील बिघाडाशी त्याची सांगड घातली.

पहिल्या पायरीवर केवळ मेद साचतो. काही रुग्णांत पुढे यकृतास सूज येते, त्यानंतर यकृतात तंतूंचे जाळे पसरू लागते आणि अखेरीस यकृत आक्रसून कठीण होते. या शेवटच्या अवस्थेस ‘सिऱ्हॉसिस’ म्हणतात. कर्करोगाचा धोकाही वाढतो. प्रत्येक रुग्ण या मार्गाने शेवटपर्यंत जातो असे मुळीच नाही. बहुतेक जण पहिल्या पायरीवरच राहतात. परंतु त्यांच्यातही हृदयविकार व मधुमेह यांचा धोका वाढलेला असतो, म्हणून पहिली पायरी क्षुल्लक मानून चालत नाही. दिलासा देणारी गोष्ट अशी की, याच पायरीवर आजार मागे फिरविणे सर्वांत सोपे असते.

भारतात या आजाराचा प्रसार किती आहे, याचा अंदाज दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील तज्ज्ञांनी देशभरातील अनेक पाहण्या एकत्र अभ्यासून २०२२ मध्ये मांडला. त्यानुसार प्रौढांमध्ये हे प्रमाण सुमारे ३८ टक्के आहे. याचा अर्थ, पाच प्रौढ माणसे एकत्र बसली असता त्यांपैकी दोघांना हा विकार असण्याचा संभव आहे.

वजनापेक्षा कंबरेचे माप बोलके

स्थूलता म्हटली की अगडबंब देह डोळ्यांपुढे येतो. भारतीयांच्या बाबतीत हे चित्र फसवे आहे, ही गोष्ट जगाच्या निदर्शनास आणण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षे केलेल्या संशोधनातून ‘कृश तरीही मेदयुक्त’ अशा भारतीय देहाची कल्पना पुढे आली. २००४ मध्ये त्यांनी व लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच छायाचित्रे प्रसिद्ध केली. उंची व वजन यांच्या गुणोत्तरावरून काढलेला देहभारांक दोघांचाही २२.३ इतकाच होता. परंतु युडकिन यांच्या शरीरात मेदाचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात ते २१.२ टक्के होते.

याच कारणास्तव भारतीयांसाठी निकष अधिक कडक ठेवण्यात आले आहेत. देहभारांक २३ झाला की वजन अधिक आणि २५ झाला की स्थूलता, असे भारतीय तज्ज्ञांनी ठरविले. कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंटीमीटर व स्त्रियांत ८० सेंटीमीटर यांपुढे गेल्यास तो धोक्याचा इशारा समजावा. पोटाच्या आतील मेद आणि यकृतातील मेद ही एकमेकांची भावंडे होत. एक वाढला की दुसराही बहुधा वाढतो.

व्यायाम यकृतापर्यंत पोचतो कसा?

यकृतात येणारा मेद तीन वाटांनी येतो. सर्वांत मोठा भाग, म्हणजे निम्म्याहून अधिक, शरीरातील चरबीच्या साठ्यातून सुटून रक्तावाटे येतो. दुसरा भाग यकृत स्वतःच जादा साखरेपासून तयार करते. उरलेला लहानसा भाग आहारातील तेलतुपातून थेट येतो. यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. ‘तूप सोडले म्हणजे यकृत सुधारले’ ही समजूत अपुरी आहे. गोड पेये, मिठाई व मैद्याचे पदार्थ यांतून होणारा साखरेचा अतिरेक यकृताच्या दृष्टीने तितकाच घातक ठरतो.

या बिघाडाच्या मुळाशी इन्शुलिनचा मंदावलेला प्रभाव असतो. इन्शुलिनचा हुकूम शरीर नीट मानीनासे झाले की स्नायू साखर घेण्यास कुचराई करतात, चरबीच्या साठ्यातून मेदाम्ले बेसुमार सुटू लागतात आणि हा सर्व भार यकृतावर येऊन पडतो. व्यायामाने नेमके हेच चक्र उलटे फिरते. हालचाल करणारा स्नायू रक्तातील साखर व मेदाम्ले स्वतःसाठी उचलतो. व्यायाम संपल्यावरही तो काही काळ इन्शुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देत राहतो.

हा ‘काही काळ’ किती, यातच व्यायामाच्या दिवसांचे रहस्य आहे. एका वेळच्या व्यायामाचा हा परिणाम साधारणपणे एक ते तीन दिवस टिकतो व मग ओसरतो. म्हणूनच मधुमेही व्यक्तींनी व्यायामात सलग दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नये, असे तज्ज्ञ सांगतात. रविवारी डोंगर चढून आलेल्या माणसाच्या स्नायूंवरील हा परिणाम बुधवार उजाडेपर्यंत बहुतांशी ओसरलेला असतो. पिकास एकदाच पूर आणणारे पाणी देण्यापेक्षा ठरावीक अंतराने पाळी दिलेली बरी, हे ज्या शेतकऱ्यास कळते त्यास हे तत्त्व वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

आठवड्यातून किती दिवस?

या प्रश्नाचा मोठ्या प्रमाणावरील अभ्यास दक्षिण कोरियाच्या सेऊल शहरात झाला. २००२ ते २०१४ या काळात आरोग्य तपासणीसाठी आलेल्या २,३३,६७६ स्त्री-पुरुषांची माहिती तेथील संशोधकांनी तपासली. किमान दहा मिनिटांचा, दम लागेल असा व्यायाम आठवड्यातून किती वेळा करता, असे प्रत्येकास विचारण्यात आले होते, आणि यकृताची सोनोग्राफी पुनःपुन्हा करण्यात आली होती. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष उद्बोधक आहेत. मुळीच व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत आठवड्यातून पाच वा अधिक वेळा व्यायाम करणाऱ्यांमध्ये नव्याने यकृत मेदयुक्त होण्याचा धोका सुमारे १४ टक्क्यांनी कमी होता. ज्यांचे यकृत आधीच मेदयुक्त होते, त्यांच्यातील विकार नाहीसा होण्याची शक्यता अशा व्यायामाने सुमारे ४० टक्क्यांनी अधिक होती. ज्यांनी पूर्वीचे व्यायामाचे दिवस कमी केले, त्यांच्यात आजाराचा धोका वाढल्याचेही दिसून आले.

आठवड्यातून एकदोनदाच व्यायाम करणाऱ्यांनाही लाभ झाला होता, ही बाब येथे मुद्दाम नमूद केली पाहिजे. ज्यास सुटीच्या दिवसाखेरीज सवडच नाही, त्याने त्या दिवशी व्यायाम अवश्य करावा. तो वाया जात नाही. अर्थात अशा पाहणीतून दोन गोष्टींचा संबंध दिसतो, कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. रोज व्यायाम करणारा माणूस आहाराबाबतही दक्ष असू शकतो. म्हणून प्रत्यक्ष प्रयोगांकडे वळणे अगत्याचे ठरते.

प्रयोगांची साक्ष

ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बैठे जीवन जगणाऱ्या स्थूल व्यक्तींना चार आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, एका जागी बसविलेली सायकल चालविण्यास देण्यात आली. महिन्याअखेर त्यांचे वजन जवळपास तेवढेच होते. यकृतातील मेद मात्र २१ टक्क्यांनी घटला होता. त्याच शहरात २०१५ मध्ये ४८ व्यक्तींवर झालेल्या प्रयोगात व्यायामाचे तीन प्रकार तोलून पाहिले गेले : थोडा वेळ पण जोरदार, जास्त वेळ पण सौम्य, आणि थोडा वेळ व सौम्य. आठ आठवड्यांनी तिन्ही गटांत यकृतातील मेद कमी झाला आणि तिन्ही प्रकारांत लक्षणीय असा भेद आढळला नाही.

चीनमधील झियामेन येथील २०१६ चा प्रयोग अधिक मोठा होता. पोट सुटलेल्या व यकृत मेदयुक्त असलेल्या २२० व्यक्तींपैकी एका गटास धावण्याचा व दुसऱ्या गटास झपाट्याने चालण्याचा व्यायाम देण्यात आला. दोन्ही गटांसाठी आठवड्यास एकूण १५० मिनिटे ठरविली होती. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत यकृतातील मेद व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी झाला होता. धावणाऱ्यांची घट किंचित अधिक होती, पण ती त्यांच्या वजनातील घटीमुळे असावी असे दिसले. तात्पर्य, गुडघे दुखतात म्हणून जो धावू शकत नाही, त्याने निराश होण्याचे कारण नाही. चालण्यानेही यकृत सुधारते.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील संशोधकांनी २०२३ मध्ये अशा १४ प्रयोगांचा एकत्रित अभ्यास केला. आठवड्यास सुमारे १५० मिनिटे झपाट्याने चालण्याइतका व्यायाम केल्यास यकृतातील मेद रुग्णाच्या दृष्टीने अर्थपूर्ण ठरेल इतका, म्हणजे मूळच्या निदान ३० टक्क्यांनी, कमी होण्याची शक्यता पुष्कळ वाढते, असे त्यांस आढळले. जपानमधील त्सुकुबा येथे स्थूल पुरुषांवर झालेल्या अभ्यासात आठवड्यास २५० मिनिटांहून अधिक हालचाल करणाऱ्यांना आणखी लाभ झाल्याचे दिसले.

ताकदीच्या व्यायामांचाही येथे विचार केला पाहिजे. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे २०११ मध्ये आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस आड, केवळ वजने उचलण्याचे व्यायाम देऊन पाहिले गेले. आठ आठवड्यांत वजन न घटताही यकृतातील मेद १३ टक्क्यांनी उतरला. ज्यांना चालणे कठीण जाते, त्यांच्यासाठी हा दुसरा मार्ग खुला आहे.

या सर्वांचे सार असे. यकृत सर्वप्रथम आठवड्याचा एकूण हिशेब पाहते, आणि दिवसांची संख्या हा तो हिशेब पुरा करण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. वर्षानुवर्षे बैठे काम करणाऱ्या, ९० किलो वजनाच्या माणसास एका दिवसात अडीच तास चालावयास सांगितले तर तो पहिल्याच आठवड्यात पाय धरून बसेल. तीच अडीच तासांची रक्कम पाच दिवसांत वाटली की रोज अर्धा तास होतो, आणि अर्धा तास त्याच्या आवाक्यात असतो.

काट्याची दिशाभूल

स्थूल माणसे उत्साहाने व्यायाम सुरू करतात आणि सहा आठवड्यांनी वजनाचा काटा जागचा हलला नाही असे पाहून तो सोडतात. वर सांगितलेल्या प्रयोगांचे खरे महत्त्व येथे आहे. काटा स्थिर असतानाही यकृतातील मेद उतरत असतो. व्यायाम सोडण्याचा क्षण आणि व्यायाम फळास येण्याचा क्षण हे पुष्कळदा एकच असतात. काट्यापेक्षा कंबरेची फीत अधिक खरे सांगते. वैद्यकीय सल्ल्याने काही महिन्यांनी केलेली तपासणी त्याहूनही अधिक खरे सांगते.

याचा अर्थ वजन घटविणे अनावश्यक आहे, असा मात्र नव्हे. यकृतास सूज असलेल्या २९३ रुग्णांवर क्यूबा येथे वर्षभर झालेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ज्यांनी आपल्या वजनाचा दहावा वा अधिक हिस्सा घटविला, त्यांतील ९० टक्क्यांची सूज नाहीशी झाली होती. इतके वजन घटविणे थोड्यांनाच साधले, हेही तितकेच खरे. म्हणून मिताहार व व्यायाम ही जोडी अभंग ठेवावी. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत या आजारावरील पहिल्या औषधास मान्यता मिळाली, तीही आहार व व्यायाम यांच्या जोडीने घ्यावयाचे औषध म्हणूनच.

आठवड्याचा आराखडा

आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपाट्याने चालणे हा पाया समजावा. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत वेग असावा. सलग अर्धा तास जमत नसेल तर दहा दहा मिनिटांचे तीन भाग करावेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत थोड्या थोड्या वेळाची हालचालही हिशेबात धरली आहे. ज्यास तीनच दिवस मिळतात, त्याने ते एकाआड एक घ्यावेत आणि प्रत्येक दिवशी सुमारे ५० मिनिटे द्यावीत. आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे व्यायाम असावेत. त्यासाठी यंत्रांची आवश्यकता नाही. बैठका, भिंतीला हात टेकून काढलेले जोर, खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे यांनीही काम भागते. पावसाळ्यात घराच्या ओसरीत, जिन्यावर अथवा जागच्या जागी पावले टाकून नेम राखता येतो.

नेमाची ही कल्पना महाराष्ट्रास नवीन नाही. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला तो नित्य आचरणाचा आग्रह धरूनच; संस्थानातील शाळांतून मुलामुलींना ते घालावयास लावले जात. रोजच्या अल्प श्रमांचे मोल त्या पिढीने ओळखले होते.

आरंभ करताना काही पथ्ये पाळावीत. छातीत दुखणे, चालताना धाप लागणे, हृदयविकार, इन्शुलिनची सुई चालू असणे किंवा यकृताचा आजार पुढच्या अवस्थेत असणे, यांपैकी काहीही असल्यास डॉक्टरांचा सल्ला घेऊनच व्यायाम ठरवावा. पहिल्या पंधरवड्यात रोज दहा मिनिटेच चालावे व पुढे दर आठवड्यास पाच मिनिटे वाढवावीत. मद्य पूर्णपणे वर्ज्य करावे. यकृत साफ करण्याचा दावा करणारी चूर्णे व काढे डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नयेत.

शासनयंत्रणा आणि कुटुंब

केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२१ मध्ये या आजाराचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. तीस वर्षांवरील व्यक्तींची माहिती भरून घेण्यासाठी आशा कार्यकर्तीजवळ जी तपासणी सूची असते, तीत कंबरेच्या मापाबरोबर आणखी एक प्रश्न आहे : आठवड्यातून किमान १५० मिनिटे, म्हणजे रोज तीस मिनिटे याप्रमाणे पाच दिवस, शारीरिक श्रम करता काय? हा प्रश्न औपचारिक समजून घाईने ‘होय’ म्हणू नये. त्याचे प्रामाणिक उत्तर ही यकृताच्या रक्षणाची पहिली पायरी आहे.

जगभरातील आकडेवारीवर आधारलेल्या व २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०२२ साली भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करीत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांत सुमारे ५७ टक्के होते. स्वयंपाकघरातील दिवसभराची उभ्याउभ्याची कामे थकवा आणतात, पण सलग दम लागेल असा व्यायाम त्यांतून बहुधा घडत नाही. गृहिणीस रोज अर्धा तास मोकळा मिळावा म्हणून घरातील इतरांनी काही कामे उचलणे, हाही या आजाराच्या प्रतिबंधाचाच भाग होय. त्याचप्रमाणे ग्रामपंचायती व नगरपालिका यांनी चालण्यायोग्य रस्ते, पुरेसे दिवे आणि मोकळी मैदाने राखली, तर औषधांवरील खर्चात पुष्कळ बचत होईल.

यकृताजवळ दुरुस्तीची विलक्षण शक्ती आहे. झीज भरून काढण्याची अशी क्षमता शरीरातील दुसऱ्या कोणत्याही मोठ्या अवयवाजवळ नाही. त्या शक्तीस वाव देण्यासाठी मोठा पराक्रम करावा लागत नाही. आठवड्यातील पाच दिवस, दिवसाचा अर्धा तास आणि मध्ये दोन दिवसांहून अधिक खंड न पडू देण्याचा निश्चय, एवढे पुरेसे आहे. काटा हलो वा न हलो, हा नेम जो राखील, त्याचे यकृत त्याची परतफेड केल्यावाचून राहणार नाही.